युद्धकाळातल्या लंडनवरची जुनी पुस्तकं जमवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या संग्रहात नेमकी कोणती पुस्तकं धरायची?

दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये राहणाऱ्या साध्या माणसांचं रोजचं जगणं ज्यात आहे, ती सगळी. ब्लॅकआउट (शत्रूच्या विमानांना शहर दिसू नये म्हणून रात्री केलेला सक्तीचा अंधार), रेशनची रांग, भुयारी रेल्वेच्या फलाटावर काढलेली रात्र, आग विझवणारे, हवाई हल्ल्याच्या वेळी गल्लीत फिरणारे वॉर्डन, रेडिओवरच्या पाककृती. सेनापतींची चरित्रं आणि लढायांचे नकाशे यात येत नाहीत. त्यांचा संग्रह वेगळा आणि त्यांचे गिऱ्हाईकही वेगळे.

काळाच्या हिशेबाने तीन कप्पे करा. पहिला १९३९ ते १९४५, म्हणजे युद्ध चालू असताना छापलेली पुस्तकं. दुसरा युद्ध संपल्यावरची पंधरा-एक वर्षं. तिसरा त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या डायऱ्या, पत्रं आणि इतिहास. माझा जीव पहिल्या कप्प्यात आहे. त्या लेखकांना युद्ध कोण जिंकणार हे माहीत नव्हतं. उद्या सकाळी आपलं घर जागेवर असेल का, हेही माहीत नव्हतं. निकाल कळल्यावर लिहिलेल्या कुठल्याही पुस्तकात, ते कितीही चांगलं असलं तरी, ही अवस्था परत आणता येत नाही.

लंडनच का? पॅरिस, बर्लिन, वॉर्सा का नाही?

त्या शहरांवरही उत्तम संग्रह होऊ शकतो, पण त्यासाठी फ्रेंच, जर्मन, पोलिश यायला हवं. शिवाय नाझी अंमलाखालच्या शहरात मोकळेपणाने पुस्तक छापणं शक्यच नव्हतं. तिथलं खरं लेखन लपवून ठेवलेल्या वह्यांत झालं आणि पुढे बाहेर आलं. बॉम्ब पडत असताना त्या बॉम्बबद्दलचं पुस्तक दुकानात विकत मिळत होतं, असं लंडनमध्ये घडलं. त्यातली बरीच पुस्तकं त्या काळी बोटीने भारतातही आली, त्यामुळे आपल्याकडे आजही ती हाताला लागतात.

सुरुवात कुठून करू?

सरकारी पुस्तिकांपासून करा. ब्रिटिश सरकारच्या छापखान्याने, म्हणजे हिज मॅजेस्टीज स्टेशनरी ऑफिसने, युद्धकाळात सचित्र पुस्तिकांची एक मोठी रांगच काढली. कागदी मुखपृष्ठ, आत भरपूर फोटो, नकाशे आणि नेटका मजकूर. आपल्या विषयासाठी त्यातली सर्वांत महत्त्वाची म्हणजे १९४२ ची ‘फ्रंट लाइन १९४०–४१’. नागरी संरक्षण दलाची ही अधिकृत हकिकत आहे. कॉव्हेंट्रीसारखी इतर शहरंही तिच्यात आहेत, पण गाभा लंडनचा. खासगी प्रकाशक कागदाच्या तुकड्यासाठी भांडत असताना सरकारी छापखान्याला मात्र कागद मिळत होता, म्हणून या पुस्तिका भरमसाट संख्येने निघाल्या आणि आजही स्वस्त आहेत. इंग्लंडमधून मागवलीत तर पुस्तिकेपेक्षा टपालखर्च जास्त पडतो.

त्यानंतर एखाद्या वॉर्डनने स्वतः लिहिलेलं पुस्तक घ्या. जॉन स्ट्रेची यांचं ‘पोस्ट डी’ १९४१ मध्ये गोलान्झ या प्रकाशनाने काढलं. हे स्ट्रेची युद्धानंतर पंतप्रधान अ‍ॅटली यांच्या सरकारात अन्नमंत्री झाले, पण या पुस्तकात ते ढिगाऱ्यात हात घालणारे साधे वॉर्डन आहेत. दुसरं नाव बार्बरा निक्सन यांच्या ‘रेडर्स ओव्हरहेड’चं, १९४३ चं. बार्बरा निक्सन नटी होत्या आणि लंडनच्या फिन्सबरी भागात वॉर्डन म्हणून काम करत होत्या. वॉर्डनच्या चौकीतली माणसं, त्यांचे हेवेदावे, कंटाळा आणि भीती हे सगळं त्यांनी जितकं स्पष्ट लिहिलंय तितकं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. मूळ आवृत्ती सहज मिळत नाही. १९८० मध्ये ते पुन्हा छापलं गेलं, ती प्रत मिळाली तरी सोडू नका.

युद्ध चालू असताना छापलेली प्रत ओळखायची कशी?

आधी हातात घ्या. बहुतेक वेळा वजनच सांगतं. ३०० पानांचं पुस्तक, पण जाडी १५० पानांची. कागद पातळ आणि खरखरीत, कडांना तपकिरी झालेला, आणि उजेडात धरला तर त्यात लाकडाच्या बारीक काड्या दिसतात. समास अरुंद आणि टाइप बारीक. नवं प्रकरण नव्या पानावर सुरू न होता मागच्या प्रकरणाच्या पोटातच सुरू होतं.

यामागे काटेकोर नियम होते. १९४० मध्ये कागदावर नियंत्रण आलं आणि प्रकाशकांना युद्धापूर्वीच्या वापराच्या ६० टक्के कागद मिळू लागला. १९४२ पर्यंत हा कोटा साडेसदतीस टक्क्यांवर आला. १ जानेवारी १९४२ पासून प्रकाशकांनी आपसात एक करार पाळायला सुरुवात केली. अक्षराचा आकार, पानावरच्या शब्दांची संख्या, समास, पुठ्ठ्याचं वजन, सगळ्यावर मर्यादा. अशा पुस्तकांत शीर्षकपानाच्या मागे एक छोटं चिन्ह असतं: उघड्या पुस्तकावर बसलेला सिंह, आणि पुस्तक युद्धकालीन काटकसरीच्या नियमांनुसार छापल्याची ओळ. तो सिंह दिसला की प्रत १९४२ किंवा नंतरची. पुस्तकांच्या कागदावरचं नियंत्रण १९४९ पर्यंत चाललं, त्यामुळे युद्ध संपल्यावरच्या काही पुस्तकांवरही तो सापडतो. आणि १९४० किंवा १९४१ च्या प्रतीवर तो नसला तर घाबरू नका, तो नसायलाच हवा.

पेंग्विनची पेपरबॅक असेल तर मधलं पान उघडून बांधणी बघा. त्या काळात दोऱ्याने शिवण्याऐवजी लोखंडी पिना मारल्या जात. ऐंशी वर्षांत त्या पिना गंजल्या आहेत आणि गंजाचे तांबूस डाग शेजारच्या पानांत उतरले आहेत. माझ्याकडच्या एका प्रतीत पिनेचा निम्मा भाग झडून गेलाय, पण तिचा आकार कागदावर जसाच्या तसा उमटलेला आहे. याच पेंग्विनच्या सुरुवातीच्या पानावर बरेचदा एक विनंती छापलेली असते, की वाचून झाल्यावर हे पुस्तक पोस्टात नेऊन द्या, म्हणजे सैन्यातल्या स्त्री-पुरुषांना वाचता येईल. ती विनंती वाचूनही घरी राहिलेली प्रत आज आपल्या हातात आहे.

पहिली आवृत्ती हवीच का?

कादंबरी असेल आणि पैसे गुंतवायचे असतील तर हो. एरवी माझं मत वेगळं आहे. सहा महिन्यांत चौथं मुद्रण झालेलं पुस्तक मला पहिल्याइतकंच प्रिय, कारण लोकांनी ते तेव्हा भुकेल्यासारखं वाचलं याचा तो पुरावा आहे. शीर्षकपानाच्या मागे मुद्रणांच्या तारखा ओळीने दिलेल्या असतात, त्या बघायच्या.

एकच काळजी घ्या. रीडर्स युनियन किंवा द बुक क्लब असं नाव असलेल्या प्रती सभासदांसाठी वेगळ्या छापल्या जात. वाचायला त्या उत्तम, पण पहिल्या आवृत्तीच्या भावात घेऊ नका. विक्रेता ‘१९४१ ची आवृत्ती’ एवढंच लिहीत असेल तर प्रकाशकाचं नाव विचारून घ्या.

लाखो प्रती छापल्या, मग काही पुस्तकं इतकी दुर्मीळ कशी?

कारण पुस्तकंही त्या युद्धात मेली, आणि तीही तीन वाटांनी.

पहिली वाट आगीची. सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या सावलीतला पॅटर्नोस्टर रो हा रस्ता म्हणजे लंडनच्या पुस्तकव्यापाराचं घर. पिढ्यान्‌पिढ्या प्रकाशक, घाऊक विक्रेते आणि गोदामं तिथेच. २९ डिसेंबर १९४० ला रविवार होता. कचेऱ्यांना कुलपं, थेम्सला ओहोटी, आणि जर्मन विमानांनी आग लावणारे बॉम्ब टाकले. पंपांना पाणी मिळेना. त्या एका रात्रीत सुमारे ५० लाख पुस्तकं जळाली असं मानलं जातं. सिम्पकिन मार्शल या सर्वांत मोठ्या घाऊक विक्रेत्याचा सगळा साठा त्यात गेला. धुरातून वर आलेला सेंट पॉल्सचा घुमट दाखवणारा जो फोटो सगळ्यांनी पाहिलाय, तो त्याच रात्रीचा, हर्बर्ट मेसन यांनी काढलेला. घुमटाच्या पायाशी जे जळतंय त्यात पुस्तकांचाही वाटा होता, हे मात्र फोटोखालच्या ओळीत सहसा नसतं. १९४० च्या शरद ऋतूत निघालेल्या एखाद्या पुस्तकाच्या प्रती फारच कमी दिसत असतील तर ही रात्र आठवा. गोदामातला साठा दुकानात पोचायच्या आतच राख झालेला असण्याची दाट शक्यता असते.

पुढे १० मे १९४१ च्या रात्री ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयावर बॉम्ब पडले आणि अडीच लाखांच्या आसपास पुस्तकं नष्ट झाली.

दुसरी वाट रद्दीची. कागदाच्या टंचाईमुळे घराघरांतून पुस्तकं गोळा करण्याच्या मोहिमा झाल्या. चांगली पुस्तकं सैनिकांना आणि बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या ग्रंथालयांना गेली. बाकीची लगदा करायला. पातळ पुस्तिका आणि गाजावाजा न झालेल्या लेखकांची पुस्तकं त्यातच संपली.

तिसरी वाट कागदाची स्वतःची. तो कागद आम्लयुक्त आहे आणि आतून जळत राहतो. काहीही न करता नुसती कपाटात ठेवलेली प्रतसुद्धा दरवर्षी थोडी थोडी ठिसूळ होत जाते.

सेन्सॉरशिप होती, मग त्या काळच्या पुस्तकांवर विश्वास किती ठेवायचा?

हा प्रश्न विचारणाऱ्या वाचकाचं मला नेहमी कौतुक वाटतं. उत्तर सरळ आहे: पाहिलेल्या गोष्टींवर भरपूर, आकड्यांवर आणि जागांच्या नावांवर कमी.

शत्रूला आपला बॉम्ब कुठे पडला हे कळू नये म्हणून रस्त्यांची, रुग्णालयांची, कारखान्यांची नावं गाळली जात. ‘दक्षिण लंडनमधलं एक चर्च’ एवढंच लिहिलेलं दिसेल. काही घटना तर जवळजवळ गायबच आहेत. ३ मार्च १९४३ ला बेथनल ग्रीन भुयारी स्टेशनच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत १७३ माणसं गेली. तिथे एकही बॉम्ब पडलेला नव्हता. चौकशीचा अहवाल सरकारने १९४५ पर्यंत बाहेर येऊ दिला नाही. ८ सप्टेंबर १९४४ ला पहिलं जर्मन व्ही-२ रॉकेट लंडनच्या चिसविक भागात पडलं, तेव्हा गॅसचा पाइप फुटल्याची बोलवा होती. चर्चिल यांनी रॉकेटची जाहीर कबुली नोव्हेंबरात दिली. त्यामुळे १९४४ च्या शेवटी छापलेलं पुस्तक या बाबतीत गप्प असेल तर त्यात लेखकाचा दोष नाही.

पण सगळे लेखक सरकारची री ओढत होते असंही समजू नका. पत्रकार रिची कॅल्डर यांचं १९४१ चं ‘द लेसन ऑफ लंडन’ घ्या. सेकर अँड वॉरबर्गच्या सर्चलाइट मालेतलं हे छोटं पुस्तक. ईस्ट एंड या लंडनच्या पूर्वेकडच्या भागातल्या गरिबांची घरं पडल्यावर त्यांना एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत कसं फिरवलं, निवाऱ्यांत संडास आणि गरम अन्न यांची काय दशा होती, हे त्यांनी नोकरशाहीवर थेट बोट ठेवून लिहिलं. बॉम्ब पडत असताना स्वतःच्या सरकारवर अशी टीका छापून येत होती. या पुस्तकाची प्रत हाती आली की मला त्या काळच्या छापखान्यांबद्दल आदर वाटतो. कॅल्डर यांचे चिरंजीव अँगस कॅल्डर यांनी १९६९ मध्ये ‘द पीपल्स वॉर’ हा या विषयावरचा पायाभूत इतिहास लिहिला. बापाने धुरात उभं राहून लिहिलेलं आणि मुलाने कागदपत्रं तपासून लिहिलेलं, ही जोडी शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे.

कादंबऱ्या घ्याव्यात का?

जरूर, पण त्यांचे भाव वेगळे चालतात. ग्रॅहम ग्रीन यांची ‘द मिनिस्ट्री ऑफ फिअर’ आणि हेन्री ग्रीन यांची ‘कॉट’, दोन्ही १९४३ च्या. पहिला लेखक ब्लूम्सबरीत वॉर्डन होता, दुसरा अग्निशमन दलात. एलिझाबेथ बोवेन यांची ‘द हीट ऑफ द डे’ १९४९ ची. पहिल्या आवृत्त्या जॅकेटसकट, म्हणजे पुठ्ठ्यावरच्या सुट्या कागदी वेष्टणासकट घ्यायच्या तर खिसा मोठा लागतो. साधी जुनी प्रत घेऊन वाचा आणि वाचलेला पैसा अनोळखी लेखकांच्या आठवणींवर घाला, असं मी सांगेन. विल्यम सॅन्सम हे अग्निशमन दलातले लेखक अजूनही आवाक्यात आहेत. त्यांचं १९४७ चं ‘वेस्टमिन्स्टर इन वॉर’ कादंबरी नाही, एका विभागाचा युद्धकाळ आहे, आणि गद्य कादंबरीच्या तोडीचं आहे.

फोटो आणि चित्रांची पुस्तकं?

चार नावं लक्षात ठेवा. ‘ग्रिम ग्लोरी’ (१९४१) मध्ये ली मिलर यांचे फोटो आणि एडवर्ड मरो यांची प्रस्तावना. ‘हिस्टरी अंडर फायर’ (१९४१) मध्ये सेसिल बीटन यांचे पडलेल्या इमारतींचे फोटो. ‘द बॉम्ब्ड बिल्डिंग्ज ऑफ ब्रिटन’ १९४२ चं, वास्तुकलेच्या अंगाने केलेलं. त्याची १९४७ ची वाढवलेली आवृत्ती उपयोगाला जास्त चांगली. चौथं हेन्री मूर यांचं ‘शेल्टर स्केच बुक’, भुयारी स्टेशनांत ओळीने झोपलेल्या माणसांची चित्रं. ते काढलं एडिशन्स पोएट्री लंडन या छोट्या प्रकाशनाने, आणि ते चालवत होते सिलोनहून लंडनला आलेले तमिळ कवी तांबिमुट्टू.

फोटोंच्या पुस्तकात पानं मोजूनच पैसे द्या. चांगली चित्रं कापून, फ्रेम करून विकायची खोड जुनी आहे.

यात भारतीय, विशेषतः मराठी माणूस कुठे सापडतो का?

सापडतो, आणि शोधायलाच हवा. वेणू चितळे या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळच्या. युद्धकाळात त्या लंडनला बीबीसीत होत्या. जॉर्ज ऑरवेल तिथल्या भारतीय विभागात काम करत, त्यांच्यासोबत वेणूताई होत्या. त्यांनी इंग्रजीतून बातम्या दिल्या, मराठीतून भाषणं केली, आणि ‘द किचन फ्रंट’ या रेशनच्या दिवसांतल्या स्वयंपाकाच्या कार्यक्रमातही भाग घेतला. १९४२ च्या एका प्रसिद्ध फोटोत ऑरवेल, टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, उना मार्सन, तांबिमुट्टू यांच्याबरोबर त्या बसलेल्या दिसतात. नऊवारीतल्या आज्यांच्या आणि वाड्यांच्या आपल्या जगातून निघालेली एक बाई त्या ब्लॅकआउटच्या शहरात माइकसमोर बसली होती, याचं अप्रूप मला कधीच कमी होत नाही.

त्यांची ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी १९५० मध्ये मुंबईच्या हिंद किताब्जने काढली. ती पुण्यातल्या एका कुटुंबाच्या पिढ्यांची आहे, लंडनची नाही. तरी या संग्रहात मी तिला जागा देते. मुंबईत छापलेलं पुस्तक असल्यामुळे ते लंडनपेक्षा आपल्याकडच्या जुन्या घरांत मिळण्याची शक्यता जास्त. आजीच्या कपाटात असेल तर बघा.

दुसरं पुस्तक ‘टॉकिंग टू इंडिया’, १९४३, ऑरवेल यांनी संपादित केलेलं. लंडनहून भारतासाठी झालेल्या इंग्रजी भाषणांचा हा संग्रह. शत्रूपक्षाचा प्रचार कसा असतो हे दाखवायला त्यात सुभाषचंद्र बोस यांचं एक रेडिओ भाषणही घेतलेलं आहे. एकाच पुठ्ठ्यात दोन्ही बाजू, तेही युद्ध चालू असताना. व्ही. के. कृष्ण मेनन तेव्हा सेंट पँक्रसचे नगरसेवक होते आणि हवाई हल्ल्याच्या रात्री वॉर्डनचं काम करत. पेंग्विनच्या पेलिकन या माहितीपर पुस्तकांच्या मालेचे ते सुरुवातीचे संपादक. जुनी पेलिकन दिसली की त्यांचं नाव आहे का ते बघायची सवय लावून घ्या.

भारतात ही पुस्तकं कुठे मिळतील?

मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या परिसरातले फुटपाथवरचे विक्रेते, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपासची जुन्या पुस्तकांची दुकानं आणि कॅम्पातले रद्दीवाले, कोलकात्यात कॉलेज स्ट्रीट. पण सर्वांत चांगला माल दुकानात येण्याआधीच मिळतो. लष्करी छावणीची गावं, रेल्वे वसाहती, जुने जिमखाने, मिशनच्या शाळा यांची ग्रंथालयं निकालात निघतात तेव्हा पोती भरून इंग्रजी पुस्तकं रद्दीत जातात. देवळाली, खडकी, अहिल्यानगर, कामठी या भागातल्या रद्दीवाल्यांशी ओळख ठेवा. त्यांना यादी देऊ नका. ‘१९३९ ते ४९ मधलं इंग्रजी, फोटोवालं, पातळ कागदाचं’ एवढंच सांगा, ते बरोबर बाजूला काढून ठेवतात.

आतल्या पुठ्ठ्यावर थॅकर किंवा तारापोरवाला या मुंबईच्या, हिगिनबॉथम्स या मद्रासच्या दुकानांची चिमुकली चिठ्ठी असेल तर ती खरवडू नका. लंडनमध्ये छापलेलं पुस्तक पाणबुड्यांनी भरलेल्या समुद्रातून इथवर आलं, याची ती पावती आहे.

परदेशातून मागवताना काय पाहावं?

एबबुक्स, बिब्लिओ, ईबे या संकेतस्थळांवर शोध घ्या. वर्णनात एक्स-लायब्ररी, म्हणजे ग्रंथालयातून काढलेली, असं असेल तर शिक्के, चिकटवलेली पाकिटं आणि झिजलेली स्पाइन धरून चाला. प्राइस-क्लिप्ड म्हणजे जॅकेटच्या कोपऱ्यावरची किंमत कापलेली. फॉक्सिंग म्हणजे तपकिरी ठिपके, या काळातल्या कागदावर ते असणारच. फोटो नसलेल्या यादीवरून महाग प्रत घेऊ नका, विक्रेत्याला शीर्षकपानाच्या मागच्या बाजूचा फोटो मागा. चांगला विक्रेता त्याच दिवशी पाठवतो.

टपालखर्च वजनावर असतो आणि ही पुस्तकं हलकी असतात, तेवढा फायदा. एकाच विक्रेत्याकडून तीन-चार एकदम घ्या. सीमाशुल्काचे नियम बदलत असतात, मोठी मागणी नोंदवण्याआधी त्या वेळचा दर पाहून घ्या. लंडनला नातेवाईक असतील तर त्यांच्या पत्त्यावर मागवून सुट्टीत आणवून घेणं सर्वांत सोपं.

जॅकेट नसेल तर?

घ्या. युद्धकाळातली जॅकेटं इतक्या पातळ कागदाची होती की बहुतेक फाटून गेली. ज्यांना वाचायचंय त्यांनी उघडी प्रत निर्धास्त घ्यावी, किंमत पुष्कळ खाली येते. जॅकेट असेल तर ते हळूच काढून त्याची आतली बाजू मात्र बघा. कागद वाचवायला काही प्रकाशकांनी शिल्लक राहिलेल्या जुन्या जॅकेटांच्या कोऱ्या बाजूवर नवं जॅकेट छापलं. आत भलत्याच पुस्तकाचं चित्र निघतं.

फसवणूक होते का?

पुस्तकांत फारशी नाही, कारण फसवण्याइतका पैसा बहुतेक पुस्तकांत नाही. पुस्तिका, पत्रकं आणि पोस्टरं यांत होते. त्या काळच्या सरकारी पुस्तिका पुढे जशाच्या तशा पुन्हा छापल्या गेल्या आणि संग्रहालयांच्या दुकानांत विकल्या गेल्या. त्यात वाईट काहीच नाही, पण कुणी त्याच मूळ म्हणून खपवतं. बारकोड किंवा आयएसबीएन क्रमांक दिसला की विषय संपला, तो क्रमांक युद्धकाळात नव्हताच. पांढरा गुळगुळीत कागद, नवी चकचकीत पिन, वासच नसणं, हे सगळं संशयाला पुरेसं. ‘कीप काम अँड कॅरी ऑन’ हे पोस्टर तर १९३९ मध्ये छापलं गेलं पण जवळजवळ लागलंच नाही. २००० मध्ये इंग्लंडमधल्या अ‍ॅनिक गावच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक प्रत सापडली आणि त्यानंतर जगभर पसरलं. ते ‘मूळ’ म्हणून कुणी देऊ केलं तर नमस्कार करून पुढे जा.

आधीच्या मालकाचं नाव, शेरे, शिक्के असतील तर प्रत खराब समजायची का?

व्यापाऱ्याच्या हिशेबात खराब, माझ्या हिशेबात उलट. ‘नाताळ १९४१’ असं शाईने लिहून कुणी कुणाला दिलेली प्रत कोऱ्या प्रतीपेक्षा कितीतरी बोलकी. समासात पेन्सिलने ‘हे आमच्या रस्त्यावर घडलं’ अशा अर्थाचं काही लिहिलेलं सापडलं तर ते छापील मजकुराइतकंच मोलाचं. पानांत अडकलेलं बसचं तिकीट, रेशन कुपनाचा तुकडा, वर्तमानपत्राचं कात्रण काढून टाकू नका. वेगळ्या पाकिटात ठेवा आणि कुठल्या पानात होतं ते पाकिटावर पेन्सिलने लिहा.

आपल्या दमट हवेत ही पुस्तकं टिकवायची कशी?

कोकणात, मुंबईत, गोव्यात राहत असाल तर हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मध्ये चार बोटं जागा सोडा. पुस्तकं गच्च कोंबू नका, हवा खेळू द्या. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा आणि रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा. शक्य असेल तर आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र घ्या आणि काटा पन्नास टक्क्यांच्या आसपास राहील असं बघा. पावसाळा संपला की प्रत्येक पुस्तक काढून मऊ ब्रशने झटका, पण कडक उन्हात वाळवू नका. हा कागद उन्हाने आणखी पिवळा पडतो.

कसर लागलेली प्रत घरात आणलीत तर आधी बाकीच्यांपासून दूर ठेवा. हवा काढलेल्या प्लॅस्टिक पिशवीत घट्ट बंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवली की किडे मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, पुस्तक खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत पाणी सुटतं.

गंजलेली पिन ओढून काढायचा मोह होतो. कागद ठिसूळ असेल तर पिनेबरोबर पानही येतं. गंज पसरत असेल तर बांधणीच्या जाणकाराकडून पिना काढून दोऱ्याने शिवून घ्या. फाटलेल्या पानाला सेलोटेप तर कधीच नको. तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरं खातो.

ही पुस्तकं वाचायची की जपून ठेवायची?

वाचायची. पुस्तक १२० अंशांपेक्षा जास्त उघडू नका आणि टेबलावर दोन उशांच्या आधाराने ठेवा, एवढं पथ्य पुरे. फारच नाजूक प्रत असेल तर वाचायला नवी आवृत्ती घ्या. व्हिअर हॉजसन यांची डायरी ‘फ्यू एग्ज अँड नो ऑरेंजेस’ (मूळ प्रकाशन १९७६) पर्सेफनी या प्रकाशनाने पुन्हा काढली आहे. फ्रान्सिस फॅव्हिएल यांचं १९५९ चं ‘अ चेल्सी काँचेर्तो’सुद्धा नव्याने मिळतं, आणि माझ्या मते दुसऱ्या कप्प्यातलं ते सर्वश्रेष्ठ पुस्तक आहे.

वाचताना शेजारी नकाशा हवा. लंडन काउंटी कौन्सिलने युद्धकाळात प्रत्येक इमारतीचं नुकसान हाताने रंगवून नोंदवलं, ते नकाशे आता पुस्तकरूपाने छापलेले आहेत. काळा रंग म्हणजे पूर्ण नष्ट, जांभळा म्हणजे दुरुस्तीपलीकडे. बार्बरा निक्सन यांच्या फिन्सबरीचं पान उघडा आणि त्यांचं पुस्तक वाचा. सेन्सॉरने गाळलेल्या जागा नकाशावर दिसायला लागतात.

मुलांना किंवा ग्रंथालयाला पुढे द्यायचा विचार असेल तर काय तयारी करावी?

आजच एक वही घाला. प्रत्येक पुस्तकामागे लेखक, प्रकाशक, वर्ष, मुद्रण, कुठून मिळालं, किती रुपयांना, आत कुणाचं नाव किंवा शिक्का आहे, आणि कागदाची अवस्था. पुस्तकात शाईने काहीही लिहू नका, क्रमांक घालायचाच तर मऊ पेन्सिलने शेवटच्या पानावर. ग्रंथालयाला देण्याआधी त्यांच्याकडे या नोंदीची एक प्रत पाठवा आणि संग्रह एकत्र ठेवणार का, की त्यांच्याकडे आधीच असलेली पुस्तकं विकून टाकणार, हे लेखी विचारा. एकेक पुस्तिका बाजारात पाच-पन्नास रुपयांची असते. वेणू चितळ्यांची कादंबरी, कॅल्डरचं पुस्तक आणि ‘नाताळ १९४१’ची भेटप्रत एकाच कपाटात राहिली, तर उद्याच्या एखाद्या संशोधकाला लंडनला न जाताही काम सुरू करता येईल.